न सापडलेल्यांची यादी

ॲन्सीला यादी वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. रंजित सरांनी ती पुसायला सांगितली होती.

"जुनं सगळं काढून टाक," ते केबिनच्या दारातून म्हणाले. "शंभरातले चाळीस शोध रिकाम्या हाताने परत, हा आकडा पाहुण्यांना दाखवायचा का? नवी पेटी चालते ना? मग जुनीची पापं कशाला जपायची?"

त्रिवेंद्रमच्या त्या कंपनीत इस्पितळातल्या सलाइनच्या पंपांचे प्रोग्राम लिहिले जात. वीस वर्षांत तीस लाख ओळी साठल्या होत्या. त्यातली हवी ती सापडावी म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक शोधपेटी होती. ॲन्सीनेच बनवलेली. अक्षरं तंतोतंत जुळली तर ओळ मिळे, एक अक्षर हललं की 'काही सापडलं नाही', आणि तो फसलेला शोध यादीत जमा होई. आता तिनेच नवी पेटी केली होती. हिला साध्या बोलण्यातला अर्थही कळे.

पुसण्याआधी ॲन्सीने सहज नजर टाकली. लोक पेटीत काय काय लिहितात! एकाने लिहिलं होतं, 'हे कोणी लिहिलंय'. दुसऱ्याने नुसतंच 'प्लीज'. तिसऱ्याने रंजित सरांचं नाव आणि पुढे एक शिवी. ती सापडली नाही, हे पेटीचं सौजन्यच म्हणायचं. ॲन्सी हसली, चहाचा घोट घेतला, आणखी खाली गेली. तिथे एकाच माणसाच्या ओळी लागल्या. सुधाकरन. सगळे त्यांना चेट्टा म्हणत, म्हणजे दादा.

मागच्या वर्षी कोल्लमच्या एका इस्पितळात नळीत हवा आली आणि पंप थांबला नाही. नर्सने हाताने नळी दाबून धरली म्हणून पेशंट वाचली. चौकशी बसली. हवा आली की पंप थांबवणारा तुकडा प्रोग्राममध्ये आधीपासून होता. सुधाकरन चेट्टांनी तोच पुन्हा लिहिला, आणि दोन्ही तुकडे एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. "मी शोधलं होतं," चेट्टा तीनदा म्हणाले. बावन्न वर्षांचा, दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. समितीत ॲन्सी होती. "चेट्टा, शोधायला एक सेकंद लागतो," ती म्हणाली, तेव्हा सगळे हसले. केळ्याच्या भज्यांची ताटली फिरत होती. अहवालात आलं, 'शोधण्याची तसदी घेतली नाही'. खाली पाच सह्या, त्यात तिसरी तिची. चेट्टा नोकरी गमावून घरी गेले.

'नळीत हवा आली तर पंप कुठे थांबतो', नऊ बारा. काही सापडलं नाही.

'हवा आली पंप थांबव', नऊ चौदा. काही सापडलं नाही.

'बुडबुडा', नऊ वीस.

अशा एकतीस ओळी, चेट्टांनी आपला तुकडा लिहिला त्याच सकाळच्या. मूळचा तुकडा रंजित सरांनी नवखे असताना लिहिलेला. त्याला नाव दिलं होतं 'आर-सात'. हवा, बुडबुडा, थांब, यातला एकही शब्द त्यात नव्हता.

ॲन्सीने चेट्टांची पहिली ओळ जशीच्या तशी नव्या पेटीत टाकली. 'आर-सात' सगळ्यात वर आलं. सेकंदही लागला नाही.

"पुसलंस?" रंजित सर मागे उभे होते.

"सर, सुधाकरन चेट्टांनी शोधलं होतं. एकतीस वेळा."

सरांनी पडदा वाचला. सावकाश वाचला. "मिटलेलं प्रकरण आहे, ॲन्सी. भुतं कशाला उठवतेस?"

"भूत नाही सर. आट्टिंगलला राहतात."

"त्या कागदावर तुझीही सही आहे."

"म्हणून तर."

तिने यादी समितीच्या पाचही जणांना धाडली, स्वतःलासुद्धा. वर लिहिलं, 'यांनी शोधलं होतं. माझी सही मी परत घेते.' मग जिन्यात जाऊन फोन लावला.

"चेट्टा, ॲन्सी बोलतेय."

"बोल, पोरी." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही शोधलं होतंत. जुन्या यादीत आहे सगळं."



"नक्की मीच ना?" चेट्टांनी विचारलं. "नाही, म्हणजे... सगळे सांगत गेले तसं मलाही वाटायला लागलं, की नसेलच शोधलं आपण. बायकोलाही तसंच सांगून टाकलं मी."

ॲन्सी जिन्याच्या पायरीवर बसली.

"वाच बघू," ते म्हणाले.

ती वाचत गेली. वेळ आणि शब्द, वेळ आणि शब्द. गोष्ट ऐकणाऱ्याने द्यावा तसा तिकडून प्रत्येक ओळीला हुंकार येत होता. हं. हं. तीस ओळी झाल्या.

एकतिसावी अकरा पन्नासची होती.

"'इथे कोणी आहे का?'" तिने वाचलं.

हुंकार आला नाही. चेट्टा उत्तराची वाट बघत होते.