काका बोलले नाहीत

मास्कच्या भोकातून दुर्बिणीची बारीक नळी आत गेली, नाकातून घशात उतरली, आणि टेबलावरच्या माणसाने दोन्ही मुठी आवळल्या. डॉक्टरने पडद्यावरची नजर हलवली नाही. यंत्राशी भांडू नका, ते हवा ढकलतंय ती नुसती आत येऊ द्या, असं ती त्याला हळू आवाजात सांगत राहिली. माणूस गुणी. त्याने मुठी सोडल्या.

तो कारागीर होता, स्वयंपाकघरातले ओटे कापणारा. कारखान्यात बनवलेला चकचकीत दगड आयुष्यभर कापला आणि त्याची भुकटी श्वासातून पोटभर खाल्ली. आता मास्क काढून घोटभर पाणी प्यायचं म्हटलं तरी त्याचे ओठ निळे पडत. ही करामत भुकटीची की छातीत बसलेल्या जंतूंची, यावरून डॉक्टरांमध्ये दोन तट पडले होते. भांडण पोकळ नव्हतं. एकाचं औषध दुसऱ्यावर दिलं तर माणूस गेलाच. म्हणून फुप्फुसात मिठाचं पाणी सोडायचं, परत ओढून घ्यायचं आणि तपासायचं. पण ज्याला धड श्वास घेता येत नाही त्याच्याच श्वासाच्या वाटेत नळी घालायची, म्हणजे बुडणाऱ्याच्या नाकावर बोट ठेवायचं.

त्यासाठी या खोलीत एक नियम होता. दुर्बीण ज्याच्या हातात असते त्याचा लोभ सुटत नाही. अजून थोडं, अजून एकदाच, असं करता करता रोगी हातचा जातो. म्हणून एकाने नुसतं उशाशी उभं राहायचं. त्याने फक्त प्राणवायूचा आकडा आणि रोग्याचा चेहरा पाहायचा. तो ‘बाहेर’ म्हणाला की दुर्बीण बाहेर. का, कशाला, काही विचारायचं नाही.

नियम काकांचा. काका म्हणजे भूल देणारे म्हातारे डॉक्टर, सगळ्या दवाखान्याचे काका. भल्याभल्यांच्या हातातली दुर्बीण त्यांनी त्या एका शब्दावर काढायला लावली होती. डॉक्टर त्यांच्याच हाताखाली शिकली. काकांच्या आवाजावर ती इतकी विसंबली होती की प्राणवायूबरोबर मोजणीयंत्राचा सूर उतरत गेला तरी तो तिच्या कानात शिरत नसे. तशी सवयच तिने लावून घेतली होती, आणि वर त्याचा अभिमानही बाळगला होता.

काल पाणी सोडायच्या आतच काका ‘बाहेर’ म्हणाले होते. आज पुन्हा करा म्हणून रोग्यानेच हट्ट धरला. जिवावर बेतू शकतं हे त्याला फोड करून सांगितलं, तर म्हणाला, ठाऊक आहे. बरा होईन का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. रोगाचं नाव नक्की कळेल ना, एवढंच विचारलं. मग सकाळी काका खुर्ची ओढून बराच वेळ त्याच्याजवळ बसले. भूल देणाऱ्याला बसावंच लागतं, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

पहिल्यांदा सोडलेलं पाणी आतच मुरलं. दुसऱ्यांदा जेमतेम थेंबभर परत आलं. पण काका गप्प होते, म्हणजे डॉक्टरच्या लेखी अजून सवड होती. तिने तिसऱ्यांदा पाणी सोडलं आणि जिवाच्या करारावर ओढलं. बाटलीत राखाडी, गढूळ पाणी चढत गेलं. हवं होतं तेवढं मिळालं.

तिने खुशीत वर पाहिलं आणि दुर्बीण सरकन बाहेर ओढली. माणसाचा चेहरा शाईसारखा झाला होता. दुर्बीण आत असताना इतका खाली गेलेला आकडा तिने जन्मात पाहिला नव्हता. काका उशाशीच उभे होते. त्यांचा एक हात त्याच्या कपाळावर होता आणि डोळे भरलेले होते.

पुढे करायचं ते सगळं केलं. काकांनीच घशात नळी घातली, तिने छाती दाबली, मग परिचारिकेने दाबली. यंत्र आपलं हवा ढकलत राहिलं. हृदय काही परत चालू झालं नाही.

हात धुताना तिने काकांना धरलं.

“एक शब्द, काका. एक शब्द बोलायचा होता तुम्हाला.”

“पाणी मिळेपर्यंत तो शब्द काढू नका, म्हणून सकाळी त्याने माझे पाय धरले होते.”

“त्यांना मरायचं होतं?”

“नाही गं. मरायचं कुणाला असतं?” काकांनी नळ बंद केला. “त्याची मुलगी आली असेल बाहेर. तू सांग तिला. मला तिच्यासमोर जाववत नाही.”

हा माणूस आपला गुरू, याची डॉक्टरला त्या क्षणी किळस आली. या घटकेनंतर त्यांच्याबरोबर काम करायचं नाही, असं ठरवूनच तिने दार ढकललं.

मुलगी बाकावर बसली होती, कामावरून तशीच आलेली. भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर पांढरी भुकटी. बाबा आजारी पडल्यापासून त्यांच्या मशीनवर मीच उभी राहते, मालकाने अर्ध्या दिवसाचीच सुट्टी दिली, म्हणून उशीर झाला, असं ती उठता उठता सांगू लागली. डॉक्टरने तिचे दोन्ही हात धरले आणि सांगून टाकलं.

मुलीचं तोंड रडायला म्हणून उघडलं, पण रडू आलंच नाही. खोकला आला. कोरडा, न थांबणारा. तिने भिंतीचा आधार घेतला, वाकली, आणि ओठांभोवती निळसर होईपर्यंत खोकत राहिली. डॉक्टर तिच्याकडे पाहतच राहिली.

“कधीपासून आहे हा खोकला?”

“हा होय?” मुलीने ओढणीने तोंड पुसलं. “हा काही नाही हो. बाबाच उगाच घाबरायचे. माझा रोग भुकटीचाच निघाला तर मशीन सोडशील ना, म्हणायचे.”