वरच्या अंगाचं पाणी

चहातलं दूध पुन्हा फाटलं. आईनं कप तसाच मोरीत ओतला आणि म्हणाली, "त्या बर्फवाल्याचं तळपट होवो!"

रोपवालीनं चुकून विहिरीचंच पाणी चहाला घेतलं होतं. तिनं भावाकडून आलेला पाण्याचा कॅन उघडला आणि नवं आधण ठेवलं.

नदी समुद्राला मिळते तिथून हाकेच्या अंतरावर तिची रोपवाटिका होती. नवरा गेल्यावर ती आईला घेऊन इथेच राहत होती. वडिलांनी मरण्याआधी जमीन वाटून दिली होती. विहीर आणि खालचा तुकडा हिला, वरचा धाकट्या भावाला. वाटणीवरून कधी आवाज चढला नाही, याचं लोकांना कौतुक वाटायचं.

यंदा विहीर खारी झाली. आधी गुलाबाची पानं कडेनं करपली, मग आंब्याच्या कलमांनी माना टाकल्या. गिऱ्हाईक रोप हातात घ्यायचं, पान उलटून बघायचं आणि "येतो परत" म्हणून जायचं ते जायचंच.

नदीच्या मुखाशी बर्फाचा कारखाना होता. त्याचा पंप दिवसभर धडधडायचा. "तो जमिनीतलं पाणी ओढतोय, म्हणून समुद्र आत शिरतोय," हे धाकट्यानंच पहिल्यांदा सांगितलं. माणसं त्यानंच गोळा केली, मोर्चाही त्यानंच काढला. पुढे मात्र रोपवाली होती. मेलेलं कलम तिनं कुंडीसकट बर्फवाल्याच्या पायाशी आपटलं.

"ताई, माझंही पाणी खारं झालंय हो," तो म्हणाला. "बर्फ धड धरत नाही. मासेवाले माझ्याच नावानं खडे फोडतात."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मागून आई कडाडली.

कारखान्याला कुलूप लागलं. बर्फवाला बायकापोरांना घेऊन निघाला, तेव्हा रोपवालीच्या फाटकाशी क्षणभर थांबला. हाक न मारताच पुढे गेला. तिनं खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

पंप थांबला, पण विहीर गोडी होईना. उलट, पाणी तोंडात धरवेना.

"धीर धर, ताई," धाकटा म्हणायचा. "जमिनीत मुरलेलं मीठ असं लगेच निघतं का? तोवर मी आहे ना!"

वरच्या तुकड्यावर त्यानं पाणी बाटल्यांत भरायचा धंदा टाकला होता. पाणी लांबून, डोंगराकडून टँकरनं येतं, असं तो सांगायचा. रोज सकाळी बहिणीला न चुकता एक कॅन पाठवायचा. भाऊ असावा तर असा, हे तिनं भेटेल त्याला सांगून झालं होतं.

शेवटी तिनं पाणी खात्यातल्या बाईंना बोलावलं. "कशाला उगाच खाजवून खरूज काढतेस?" आई कुरकुरली. पण बाई आल्या. त्यांनी विहिरीत यंत्र सोडलं, शिवारभर फिरल्या आणि कट्ट्यावर टेकल्या.

"बर्फवाल्यामुळे झालं ना हे?" रोपवालीनं विचारलं.

"तो तर खालच्या अंगाला. त्याचं पाणी तुमच्याही आधी खारं झालं असणार. वरून येणारं गोडं पाणी समुद्राला मागे रेटून धरतं. ते कुणीतरी वरच उपसतंय, म्हणून समुद्र पुढे सरकला." बाईंनी चढाकडे पाहिलं. "वर कोण राहतं?"

रोपवाली कट्ट्यावरून उठली.

ती तशीच चढ चढून गेली. टँकरचा मागमूस नव्हता. शेडमध्ये बाटल्यांच्या थप्पीमागे मनगटाएवढा पाइप जमिनीतून वर आला होता आणि यंत्रासोबत थरथरत होता.

"माझंच पाणी रोज मला धर्म केल्यासारखं पाजतोस?" ती म्हणाली. "आणि त्या माणसाचं घर माझ्या हातून उठवलंस?"

धाकट्यानं मोटार बंद केली. मान खाली घालून नुसते हात पुसत राहिला.

घरी येईपर्यंत तिनं कसंबसं आवरलं. उंबऱ्यातच तिचा बांध फुटला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती लहान मुलीसारखी हमसून रडली. "आई, तुझ्या मुलानं माझा गळा कापला गं!"

आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"त्याच्यावर नको चिडूस," ती हळूच म्हणाली. "पोरानं किती ठिकाणी खणलं, सगळीकडे कोरडंच लागलं. तुझ्या विहिरीचा झरा कुठून येतो, ते त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? तुझ्या वडिलांनी ते एकट्या मला सांगितलं होतं. मग मीच जाऊन जागा दाखवली."