पट्टी सुटली त्या दिवशी

नाथाजीची पट्टी सुटणार होती, त्या दिवशीही राहीबाई सांगलीच्या दवाखान्यात आली नाही. शहात्तरच्या हंगामात ऊस तोडताना पात्यानं त्याचा डोळा चिरला होता. ऑपरेशन करून दोन्ही डोळे बांधले होते. सुरुवातीला बायको उशाशी बसून असायची, मग एकाएकी यायची थांबली. विचारलं की मुलगा ज्ञानू म्हणायचा, "आईला ताप हाय." दाराबाहेर माणसं कुजबुजायची.

"डोळा गेलाय माझा, म्हणून ती तोंड दाखवंना. लपवताय तुमी समदी," नाथाजी रोज म्हणायचा.

डॉक्टरांनी पट्टी काढली. आधी धूसर खिडकी दिसली, मग ज्ञानू.

"आरं, दिसतंय की लख्ख! मग आई कुठं हाय तुझी? आन् खोलीत टॉवेल कशाला गुंडाळलायस डोक्याला? काढ बघू."

ज्ञानू हलेना, तेव्हा नाथाजीनंच टॉवेल ओढला. डोकं तुळतुळीत भादरलं होतं.

"आरं, मी तर जित्ता हाय," तो म्हणाला, आणि त्याचा हात डोळ्यांकडं गेला.

डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "टाके कच्चे आहेत. महिनाभर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."



नाथाजीचं राहीबाईसाठी रडायचं अजून राहिलंय.