गोळीचा गुण

माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. काम नाजूक, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. राग चढला की त्याची छाती धडधडायची, हात लटपटायचे आणि तोच हात थेट माझ्या तोंडावर बसायचा. दर वेळी चष्मा फुटायचा. एकदा तर काच भुवईत घुसली आणि टाके पडले. पण चार-पाच फटक्यांतच त्याला अशी धाप लागायची, की तोच मटकन खाली बसायचा.

पुढे कामातही हात थरथरायला लागले, तेव्हा मीच मनधरणी करून त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितली. "धडधड आणि थरथर, दोन्ही थांबतील," म्हणाले.

खरंच थांबली. आता घरात आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. शेजारच्या काकू जिन्यात गाठून म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!" चष्म्याच्या दुकानातले दादा तर रस्त्यात हसून म्हणाले, "काय वहिनी, आमच्या दुकानाची वाट विसरलात की काय?"

आज डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली आणि खूश होऊन मला विचारलं, "काय ताई, गोळीचा गुण आला ना?"

मी चष्मा नाकावर सारखा केला आणि मान हलवली. गुण तर आलाच आहे.



मारताना त्याला आता धाप लागत नाही, आणि मारण्याआधी तो माझा चष्मा अलगद काढून टेबलावर ठेवतो.