मंडईनंतरचे पाहुणे

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला कामठ्यात घरोघरी पाहुणे होते. देवकाबाईकडे कोणीच आलं नाही. मंडई उलटून आठवडा झाला आणि नागपूरहून मुलाचा, हेमराजचा फोन आला, "आई, तुले पाहाले येऊन राहिलो."

आला, बायकोलाही घेऊन आला. आईच्या पाया पडला, उभ्याउभ्याच पाणी प्यायला आणि थेट घरामागच्या सांदवाडीत, परसात गेला.

देवकाबाई मागच्या दारात तांदूळ निवडत बसली. सांदवाडीतल्या कडुनिंबाला तिने साळुंक्यांसाठी मडकी टांगली होती. पावसाळाभर त्यांत पिल्लांचा नुसता कालवा असायचा. पिल्लं कधीच उडून गेली होती, तरी एक जोडी आज या मडक्यातून त्या मडक्यात डोकावत फिरत होती.

"ह्या आता अंडे देतेत का जी, आई?" सून नीतूने विचारलं.

"नाई वं. आता अंड्यायचे दिवस कुठं राहिले? पुढच्या साली कोनतं मडकं खाली भेटते, थे आत्तापासून पाहून ठेवतेत."

"लय हुशार हायेत जी!" नीतू हसली.

तेवढ्यात कुंपणापासून हेमराजने आवाज दिला, "आई, बोरिंगच्या पलीकडची जागाबी आपलीच ना? रोडपर्यंत?"

देवकाबाईने सुपातला खडा अंगणात फेकला.

"आपलीच हाये, बाबू. पन घर अजून खाली नाई झालं."