पंचवीस नंबरची स्क्रिप्ट

धाकटीने बूट फोल्डर उघडला आणि कपाळावर हात मारला. कंप्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट तिथे नंबराने रांगेत उभ्या, आणि फोल्डर मात्र सताड उघडा. कुणीही यावं, काहीही टाकून जावं! दोघी बहिणी दवाखान्यांचे कंप्युटर सांभाळत, आणि त्यांच्याच ऑफिसात ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ती एकेक दार लावत निघाली. प्रिंटर फक्त छपाईच्या प्रोग्रामला, कॅमेरा फक्त मीटिंगच्या. बाकीच्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

स्क्रिप्टचे नंबर दहा, वीस, तीस. मधे जागा सोडायची, हे ताईनेच शिकवलेलं. "उद्या पाहुणा आला तर बसवशील कुठे?" आणि आलाच होता पाहुणा, पंचवीस नंबरवर. कुणी लॉगिन करायच्या आतच तो धाकटीच्या टेबलावरचा माइक चालू करून तिचं बोलणं दुसऱ्या कंप्युटरकडे पाठवत होता.

"ताई, अगं इकडे ये! कुणीतरी घुसलंय. माझा माइक ऐकतंय!"

ताई आतल्या खोलीतून आली, पण स्क्रीनकडे तिने पाहिलंच नाही. "काढून टाक ती फाइल. एवढा गाजावाजा कशाला?"

धाकटीने बोलणं कुठे जातंय तो पत्ता वाचला. पुन्हा वाचला. तो ताईच्याच कंप्युटरचा होता. आईच्या माघारी जिने वाढवलं, बोट धरून हे काम शिकवलं, तिनेच कान लावला होता. धाकटीला रडूही येईना.

"तू?"

"मग काय करू? दुसऱ्या कंपनीने बोलावलंय, हे नवऱ्याला फोनवर सांगत होतीस, ते दारातून ऐकलं मी. म्हणून लावला माइक. मला बोललीस एका शब्दाने? तू केसाने गळा कापायला निघालीस, आणि मी ऐकायचंही नाही?"

"त्यांना मी नाही म्हणून कळवलं, ताई. त्याच दिवशी."

"मी नाही ऐकलं ते."

"जिन्यात जाऊन बोलले. तू कामात होतीस. म्हटलं, तुला त्रास नको."

ताई मटकन खुर्चीत बसली. मग हसायला गेली. "चला, मग जातेस कुठे तू! झालं गेलं विसरून जा."

धाकटीने पंचवीस नंबर पुसला. फोल्डर बंद केला. मग ताईच्या समोरच फोन लावला.

"नमस्कार, मी बोलतेय. ती जागा अजून रिकामी आहे का?"