मृत्युलेखातली दुरुस्ती

जनरलसाहेबांना स्वतःचा मृत्युलेख वाचायचा होता. वर्तमानपत्राच्या मालकांनीच परवानगी दिलेली, त्यामुळे कपाटातून तो काढून टेबलावर ठेवण्यावाचून उपसंपादकाला गत्यंतर नव्हतं. थोरामोठ्यांचे मृत्युलेख ते जिवंत असतानाच लिहून ठेवायची रीत होती आणि गेली वीस वर्षं ते काम त्याच्या गळ्यात होतं.

"तुम्हीच का यमाचे कारकून?" खुर्चीत टेकत जनरलसाहेबांनी विचारलं. वय एक्क्याण्णव, पाठ अजून ताठ. मागे जावई उभा.

"ऑफिसात तसंच म्हणतात, साहेब."

"मग लवकर दाखवा. उद्याचा भरवसा नाही."

उपसंपादक हसला आणि त्याने लेख उघडून दिला. लेखात एक वाक्य होतं: 'खिंडीतल्या तुकडीने तीनदा माघारीची परवानगी मागितली, जनरलनी नऊ तास ती नाकारली आणि तीनशे बारा माणसं मारली गेली.' खिंड टिकली म्हणून आपण वाचलो, असं अर्धं शहर म्हणे. उरलेलं अर्धं त्यांना खाटीक म्हणे. हे वाक्य गेलं तर नोकरी सोडायची, असं त्याने सकाळी घरी सांगून टाकलं होतं. बायको म्हणाली, "घ्या मेलेल्यांची बाजू. घरात जिवंत माणसंही आहेत, तेवढं लक्षात असू द्या."

जनरलसाहेबांनी लाल पेन्सिल मागून घेतली आणि ते सावकाश वाचू लागले. 'जवानांबरोबर बसून जेवत' यावर काट मारली. "कोणी सांगितलं? मी तंबूत जेवायचो. टेबलावर पांढरी चादर असायची." पुढे 'निधड्या छातीचा सेनापती' होता. त्यावरही काट. "मी आघाडीच्या बारा मैल मागे होतो. तिथे कोणाचीही छाती निधडी असते."

मग ते त्या वाक्यापाशी थांबले. जावई लगेच वाकला.

"हेच ते, बाबा. यासाठीच आलोय आपण." आणि उपसंपादकाला, "अख्खं वाक्य काढा. मालकांशी बोललोय मी."

"मालकांनी दाखवायला सांगितलंय. काढायला नाही." उपसंपादकाचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

"दोघंही जरा गप्प बसा," जनरलसाहेब म्हणाले. त्यांनी 'बारा' खोडलं आणि वर 'एकोणीस' लिहिलं. बाकी वाक्याला हात लावला नाही.

"साहेब, सैन्याच्या यादीत तीनशे बारा आहेत. मी स्वतः मोजलेत."

"यादी मीच केली होती." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बंदूकवाले तेवढे धरले. तिथे सात आचारी होते. शेवटच्या तासाला त्यांनीही बंदुका उचलल्या. पण आचारी यादीत धरत नसत. पद्धतच होती तशी."

"बाबा, कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"तेच ना. पन्नास वर्षांत कोणीच नाही."

जावयाने कपाळाला हात लावला आणि गाडी काढतो म्हणून तो तरातरा खाली गेला.

आकडा आला की नावं मागायची, ही उपसंपादकाची धंद्याची सवय. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. "नावं सांगता?"

जनरलसाहेबांनी स्वतःच लिहायला घेतलं. एकाखाली एक सहा नावं, गावांसकट, कुठेही न अडखळता. मग सातचा आकडा घातला, आणि हात थांबला.

खाली हॉर्न वाजला.

"दोन वर्षं हा रोज सकाळी माझा चहा आणायचा," ते कागदाकडे बघत म्हणाले. "एकदा गार आणला, म्हणून मी त्याला खिंडीवर धाडला."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. पेन्सिलीचं टोक सातच्या पुढे तसंच टेकलेलं होतं.